म्हसोबाने वाकवलेली रेघ

देव बसवला की तो बसवणाऱ्याचं ऐकतोच, असं काही नाही. शेलारांनी मागच्या उन्हाळ्यात आपल्या वावरात म्हसोबा बसवला, तेव्हा त्याच्याकडून त्यांना एकच काम हवं होतं. पुण्याहून यवतकडे येणाऱ्या नव्या लाइट रेलची रेघ नकाशात बरोबर त्यांच्या विहिरीवरून गेली होती, ती त्याने अडवायची. म्हसोबाने ती अडवली. पण अडलेली रेघ पुढे कुणाच्या अंगावर जाईल, याचा विचार बसवणाऱ्यांनी केला नव्हता, आणि म्हसोबाला तर कुणी विचारलंच नव्हतं.

रेघ धुरपदाच्या घरावर गेली.

हे कळल्यावरही धुरपदा बरेच दिवस गप्प होती. तिला वाटत होतं, भाऊ आपणहून येईल, काहीतरी बोलेल. भाऊ आला नाही. आज मात्र रेल्वेची मॅडम शेवटच्या पाहणीला यायची होती, आणि आजच्यानंतर रेघ पक्की. म्हणून सकाळची भाकरी तशीच टोपलीत ठेवून तिने दाराला कडी घातली आणि कालव्याच्या भरावावरून ती भावाच्या, आनंदराव शेलारांच्या, बंगल्याकडे निघाली.

नवऱ्याने दुसरी केली तेव्हा धुरपदा शिरूरहून माहेरी आली, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आली, पण भावाच्या घरात राहिली नाही. बापाने कालव्याकडेचे दोन खण दाखवून चार माणसांत सांगितलं, "ही जागा धुरपदीची." सांगितलं ते तोंडी. सातबाऱ्यावर बापामागे आनंदरावांचंच नाव लागलं, आणि ते तिनेही कधी मनावर घेतलं नाही. ब्लाऊज शिवून, शेरडं पाळून तिने त्या दोन खणांना तिसरी खोली जोडली, वर स्लॅब टाकला, पुढे ओटा बांधला. त्या घरावर तिचा फार जीव होता. माणसांपेक्षा जास्त होता, असं वस्तीतल्या बाया म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

पोर्चमध्ये सगळे जमलेच होते. मॅडमसाठी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. साखर कारखान्याचे माजी संचालक आनंदराव इस्त्रीची टोपी घालून बसले होते. संचालकपद जाऊन पंधरा वर्षं झाली तरी टोपीची इस्त्री मोडलेली नव्हती. शेजारी मुलगा विश्वजीत. त्याची मुलगी राजनंदिनी पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती. ती रोज यवतहून पुण्याला कॉलेजात जाई.

"ये धुरपदे," आनंदराव म्हणाले. "च्या घे."

"च्या घ्यायला न्हाई आले दादा. म्हसोबा हलवा म्हणाया आले."

विश्वजीतने आपल्या मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"हलवा म्हंजी?"

"म्हंजी हलवा. जिथनं आणला तिथं न्हेऊन ठिवा. म्याडमला सांगा, देव चुकून बसला व्हता."

"देव चुकून बसतो व्हय?"

"तुमचा बसला की."

राजनंदिनी फस्सकन हसली आणि आजोबांनी बघितल्यावर गप्प झाली. पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आबा, आत्याआजीचं बरोबर आहे. हे बघा ना." तिने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "लाइन आधी अशी सरळ होती. मग इथं 'धार्मिक स्थळ' आलं, म्हणून कालव्याच्या बाजूला वाकवली. आणि बरोबर वाकली तिथं आत्याआजीचं..."

"मला दावू नगंस," धुरपदा म्हणाली. "माझं घर कुठं हाय ते मला ठावं हाय."

"आत्या, असं का बोलतीस?" विश्वजीतने शेवटी तोंड उघडलं. त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यामुळे हल्ली तो घरातल्यांशीही समजूत काढल्यासारखं बोले. "घर गेलं म्हणून तू काय रस्त्यावर येनार हायस? वरची खोली मोकळी हाय. बाथरूम आतच हाय. खाली उतरायची बी गरज न्हाई."

"माझ्या घराची कडी मी घालते आन् मीच काढते, विश्वा. तुझ्या खोलीत पंखा लावायचा तरी मला इचारावं लागंल."

"कोण न्हाई म्हणतंय पंख्याला?"

"न्हाई म्हणणार न्हाईस. पण इचारावं लागंल का न्हाई?"

तेवढ्यात विश्वजीतची आई साळूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, म्हणून त्याची सुटका झाली.

आता हा म्हसोबा कुठून आला, ते शेलारांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ग्रामपंचायतीत रेल्वेचा नकाशा चिकटला त्याच आठवड्यात आनंदराव मुलाला म्हणाले होते, "देवाच्या जागंवरनं कुणी रूळ न्हेत न्हाई." तेवढं विश्वजीतला पुरलं. गोठ्यामागे आईचा वरवंटा पडून होता. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याने तो विहिरीजवळ उभा पुरला. शेंदूर कमी पडला, तेव्हा ट्रॉलीला मारून उरलेला नारिंगी रंग वरून लावला. दुसऱ्या दिवशी साळूबाई तिथे दिवा घेऊन गेली. विश्वजीतला वाटलं, आई आपल्या नाटकात सामील झाली. आनंदरावांना वाटलं, म्हातारी भोळी आहे. दोघेही चुकले होते.

"वैनी, तुम्हीच सांगा," धुरपदा भावजयीकडे वळली. या दोघींचं चाळीस वर्षांत कधी धड जमलेलं नव्हतं, तरी खोटं बोलणार नाही एवढा विश्वास दोघींचा एकमेकींवर होता. "त्यो तुमचा वरवंटा हाय का न्हाई?"

"व्हता," साळूबाईने शांतपणे कप पुढे केला. "आता म्हसोबा हाय."

"अवो, तुम्ही तीस वरसं त्यानंच चटणी वाटली."

"वाटली की. मग? दगड वळखीचा असला म्हणून काय झालं? तुमचे दादा बी वळखीचेच हायेत, तरी सणावाराला पाया पडतेच ना मी?"

"शेंदूर बी खरा न्हाई वैनी. ट्रॉलीचा रंग हाय."

"वन्सं, रंग कोण बघतंय? शेंदूर म्हणून लावला, नारळ फोडला, निवद दावला. आता त्याला उपटायची कुणाची छाती हाय ते सांगा."

विश्वजीतला यात आपला फायदा दिसला. "बघ आत्या, आई बी तेच म्हणती."

"मी तुझ्या बाजूनं न्हाई बोलले," साळूबाई म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन कठड्याला टेकून उभी राहिली.

बहिणीचं आनंदरावांना वाईट वाटत होतं. पण विहीर त्यांनी जवानीत स्वतः उतरून खणून घेतली होती. ती गेली तर उरलेल्या वावराचे दोन तुकडे होऊन मध्ये रूळ येणार होते. तरी बहिणीला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी मुलाकडे मान वळवली.

"इश्वजीत, जा. उपट जा तो."

"मी?"

"मग कोण? बसवला कुणी?"

"तुम्ही सांगितलं म्हणून बसवला."

"आता उपट म्हणून सांगतोय."

विश्वजीत उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. "आबा, तुम्ही चला की संगं. तुम्हीच घाला हात."

आनंदराव जागचे हलले नाहीत. माणसाची ही गंमत असते. आपण स्वतः पुरलेला दगड, आपल्याच घरचा, रंगसुद्धा आपल्याच ट्रॉलीचा. तरी मधल्या दिवसांत म्हैस नीट व्यायली होती. उसाची ट्रॉली पाटसच्या रस्त्यावर कलंडली आणि विश्वजीत खरचटण्यावर वाचला होता. त्या रात्री तो कुणाला न सांगता नारळ फोडून आला होता. कुठल्याही पोरासोराने थापा मारून देव उभा करावा, पण काढायला मात्र थोरामोठ्यांचेही हात धजत नाहीत.

"कौल लावू," आनंदराव अखेर म्हणाले. "देवालाच इचारू."

"आबा, आपणच बसवलेल्या देवाला आपणच विचारायचं?" राजनंदिनी म्हणाली.

"मग काय शेजाऱ्याच्या देवाला इचारू?"

सगळे उठून वावरात गेले. उसाची तोड अर्ध्यावर आली होती, पाचट तुडवत जावं लागलं. विहिरीच्या थारोळ्यापासून थोडा दूर म्हसोबा उभा होता, नारिंगी, गुळगुळीत, वरच्या टोकाला थोडा झिजलेला. तो झिजला होता धुरपदाच्या आईच्या हातात, पुढे धुरपदाच्या, मग साळूबाईच्या. साळूबाईने झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर हलवायचा, डावी पडली तर नाही.

आनंदरावांनी टोपी काढून हात जोडले. "देवा म्हसोबा, बहिणीचं घर वाचतंय. तू हिथनं हलतोस का, सांग."

ऊन चढत होतं. कालव्यापलीकडून ऊसतोड कामगारांच्या बायकांची हाक आली आणि विरली. धुरपदा उजव्या पाकळीकडे इतकं टक लावून बघत होती की तिचे डोळे चुरचुरायला लागले. तिचा म्हसोबावर विश्वास होता की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या घटकेला तिने त्याला विनवलं. अगदी मनापासून विनवलं.

डावी पाकळी पडली.

विश्वजीतने श्वास सोडला. आनंदरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "धुरपदे, देवच न्हाई म्हणतोय. तिथं मी काय करनार?"

त्यांच्या आवाजातलं हायसं वाटणं तिने ऐकलं, आणि तेच तिला झोंबलं. भावाने विहीर निवडली असती तरी तिने समजून घेतलं असतं. विहीर सोन्यासारखी होती. पण निवडलं आपण आणि नाव देवाचं पुढे केलं, याचा तिला संताप आला. तो चुलीवरच्या दुधासारखा वर आला आणि तिने तो महत्प्रयासाने दाबला, कारण वाटेवर जीप येऊन थांबली होती.

जीपमधून उतरलेली गौतमी मॅडम तिशीची असेल. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. वडील इंजिन चालवायचे, आणि घरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब सोडले तर तिसरी तसबीर नव्हती. पायात बूट आणि हातात टॅब्लेट घेऊन ती पाचटातून सरळ म्हसोबापर्यंत आली.

"नकाशातलं धार्मिक स्थळ ते हेच?"

"व्हय जी," आनंदराव पुढे झाले.

"किती जुनं आहे?"

"आमच्या आज्ज्यापासनंचं. लई जागृत."

संचालक असताना सभेत बोलायचे त्याच आवाजात ते बोलले. मॅडमने वाकून दगडाकडे बघितलं. बुडाशी रंगाचा एक ओघळ वाळलेला होता, तो तिला दिसला असावा. तिने फोटो काढला, आनंदरावांचं म्हणणं टिपलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आणखी कुणाला काही सांगायचंय? ही शेवटची पाहणी आहे. आज मी जे जिथं बघेन ते तिथं नोंदवणार, आणि त्याप्रमाणे लाइन ठरणार."

आता धुरपदाने एकच वाक्य बोलायचं होतं. 'म्याडम, ह्यो आमचा वरवंटा हाय.' एवढं बोलली की घर वाचलं. पण मग सत्तरी ओलांडलेला भाऊ रेल्वेच्या बाईपुढे, आणि संध्याकाळपर्यंत यवतच्या चौकात, खोटारडा ठरणार. त्याच्या तोंडाला काळं फासायचं तर आपल्याला उरतं कोण? तिला माहेर हवं होतं आणि घरही हवं होतं. दोन्हींतलं एकही सोडायची तिची तयारी नव्हती.

"म्याडम, एक इचारू का?" ती म्हणाली. "तुमची रेघ देवाला भ्येती का जागंला?"

मॅडमला क्षणभर कळलं नाही, मग ती हसली. "देवाला, आजी. मोकळ्या जागेला कोण घाबरतंय?"

"आन् देव हिथनं उठून दुसरीकडं बसला तर?"

"तर मी तिथं नोंदवीन."

"तुम्ही मानता का देव?"

"आमच्या घरी मानत नाहीत. पण आमच्या घरचा नियम रेल्वेला लागू नाही."

धुरपदा भावाकडे वळली. "दादा, काका व्हते तवा घरातले टाक कसे ऱ्हायचे? एक वरीस त्यांच्याकडं, एक वरीस आपल्याकडं. पाळी व्हती का न्हाई देवाची?"

आनंदरावांना धोका कळला. "भावाभावांत असती पाळी. लेकीला नसती."

"ते वाटणीतल्या देवांचं. ह्यो म्हसोबा कुणाच्या वाटणीतला हाय? तुम्हीच म्हणाला आत्ता, आज्ज्यापासनंचा हाय. आजा माझा बी व्हता."

"अगं, कौल डावा दिलाय त्यानं!"

"हिथनं हलतोस का, असं इचारलं तुम्ही. बहिणीच्या घरी पाव्हणा जातोस का, असं कुठं इचारलं?"

"मग इचार पुन्यांदा," विश्वजीत घाईने म्हणाला. "लाव कौल."

"काय नगं इचारायला," साळूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हसोबापुढे बसली, हात जोडले आणि बोटांनी त्याच्या बुडाची माती उकरायला लागली. रोज पाणी घालून माती मऊ झालेली होती.

"आई, अगं काय करतीस!"

"दिवा कोण लावतंय रोज? तू लावतोस? का तुझे आबा लावत्यात? ज्यानं सेवा केली त्यानं हात घालायचा." मग ती दगडाला म्हणाली, "चला देवा. वन्संच्या वट्यावर सावली हाय. मला बी पाचटातनं रोज यायला नगं वाटतं."

वरवंटा निघाला. तिने पदराने त्याची माती पुसली. धुरपदाने आपला पदर पसरला, आणि साळूबाईने तो त्यात ठेवला. बारशाला बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालून बाया पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देतात, तसा अलगद ठेवला. दोघींनाही ते एकदमच आठवलं असावं, कारण दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि धुरपदाचे डोळे भरून आले. तिचा स्वतःचा पाळणा कधी हललाच नव्हता.

"आई, विहीर जाईल आपली," विश्वजीत रडवेला झाला.

"गप बस. तुझ्या बारशाला ह्योच फिरवला व्हता. तुझ्या आत्यानं हातात घेतला, आन् तिनंच तुझ्या कानात नाव सांगितलं. तिच्या घरावरनं रेल्वे घालतोस व्हय रं?"

विश्वजीतने वडिलांकडे बघितलं. वडील मॅडमकडे बघत होते. हा देवबिव काही नाही, वरवंटा आहे, एवढं म्हटलं की सगळं थांबलं असतं. पण आज्ज्यापासनंचा, लई जागृत, हे त्यांचेच शब्द मॅडमच्या टॅब्लेटात जाऊन बसले होते. आनंदरावांनी आयुष्यात अनेकांना त्यांच्याच शब्दांत पकडलं होतं, त्यामुळे आपण कुठे सापडलोय हे त्यांना पुरतं कळलं.

धुरपदा पुढे, साळूबाई मागे, तिच्यामागे राजनंदिनी आणि मॅडम, असे सगळे भरावावरून निघाले. पदरातलं ओझं जड होतं, तरी धुरपदा कुठे थांबली नाही. घराच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला तिने वरवंटा उभा केला. साळूबाईने त्यावर पाणी घातलं. राजनंदिनीने कुंपणाचं जास्वंद तोडून वाहिलं. मॅडमने फोटो काढला, टॅब्लेटवर बोट टेकवलं, तिथे एक खूण उमटली. विहिरीजवळची खूण तिने पुसली.

"मग आता लाइन?" राजनंदिनीने विचारलं.

"पहिल्या आखणीवर जाईल. सरळ."

आनंदराव सगळ्यांच्या मागून आले होते. बहीण इथे राहायला आल्यापासून त्यांनी या घराची पायरी चढलेली नव्हती. लागलं-सवरलं तर पोराला पाठवत, नाहीतर भरावावरूनच हाक मारत. आपलं घर नाकारून ती इथे राहिली, याचा राग त्यांनी जपून ठेवला होता. पण आता मॅडम बघत होती, आणि समोर त्यांच्या आज्ज्याचा जागृत म्हसोबा होता. नमस्कार न करून चालणार नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, विश्वजीतच्या खांद्याला धरून दोन पायऱ्या चढले, गुडघे टेकले आणि बहिणीच्या उंबऱ्यापाशी कपाळ टेकवलं.

उठताना त्यांना धुरपदाने हात दिला. तो त्यांनी घेतला. हात थंड पडला होता, आणि तिला भावाची खरोखर दया आली.

"धुरपदे," ते फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी हीर गेली गं."

"व्हय दादा," ती म्हणाली. तिने आवाज खाली केला नाही. "आन् माझं घर ऱ्हायलं."

मग दाराची कडी काढून ती सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेली.